दुभाषी

सहाला निघायचं म्हटलं की सगळे कुरकुरतात.
मी सांगते, दूध थांबत नाही.
कालचं साय काढलेलं आणि पहाटेचं धारोष्ण
आत्ता एकमेकांत मिसळत असेल,
आपण कॉफी पीत बसलो
तर त्याचं चीज आपल्यावाचून होईल.

सोळा माणसं. सोळा कागदी टोप्या,
बुटांवर बत्तीस निळ्या पिशव्या.
डेन्मार्कचा एक निवृत्त दंतवैद्य,
एकमेकींशी न बोलणाऱ्या दोघी बहिणी,
लग्नाला नऊ दिवस झालेलं एक जोडपं,
आणि मी, इथलीच,
पगारापुरत्या दोन जिभा असलेली.

ओदोआर्दो कोपरापर्यंत कढईत.
तांब्याच्या कढया, जमिनीत उलट्या रोवलेल्या घंटा.
जमलेलं दूध तो फोडत नेतो तांदळाच्या कणीएवढं,
मुठीत घेतो, दाबतो, सोडतो.
भिंतीवर घड्याळ आहे. तो बघत नाही.
"सुट्टी कधी घेता?" कुणीतरी विचारतं.
"गाईंना विचारा."
हे मी जसंच्या तसं सांगते, हशा पिकतो.
मग तो गावच्या बोलीत पुटपुटतो,
बापाला पुरलं त्या सकाळीही चौदा चाकं काढली.
हे माझ्याजवळ राहतं.

कोठारात छतापर्यंत चाकंच चाकं,
आणि वास, जो कपड्यांतून दोन दिवस जात नाही.
ओदोआर्दो लहानशी हातोडी काढतो,
एका चाकाला कडेकडेने ठोकत जातो, कान लावून.
आत भेग असली तर आवाज पोकळ येतो, मी सांगते.
सोळाही जण माना डोलावतात.
कुणालाच काही ऐकू आलेलं नसतं. मलाही नाही,
अकरा वर्षं झाली.

बसमध्ये डोकी मोजली तर पंधरा.
दंतवैद्य अजून कोठारातच, 
कॉफीच्या चमच्याने चाकं ठोकत.
"मेलेला दात असाच ओळखतात," तो म्हणाला,
"हे बघा. हे दुखतंय."
ओदोआर्दो आला, त्याच चाकावर तीनदा ठोकलं,
काही बोलला नाही.
खिशातून खडू काढून त्यावर बारीकशी फुली मारली.
फुलीचा अर्थ मी विचारला नाही.
उशीर झाला होता.

नेरीनाबाईंच्या माळ्यावर चढायला अरुंद जिना.
उन्हाळ्यात तापतो, हिवाळ्यात गारठतो, तसाच लागतो तो.
पिंपांची रांग, मोठ्यापासून धाकट्यापर्यंत,
ओक, चेस्टनट, चेरी, तुती, ज्युनिपर,
प्रत्येकाच्या तोंडावर फडकं, फडक्यावर नदीतला गोटा.
धाकट्यातून थोडं काढायचं,
ते त्याच्या थोरल्यातून भरायचं,
असं दरवर्षी, मागे मागे.
ही रांग लेकीच्या जन्माची. पिंपावर खडूने नाव: फिओरेन्झा.
फिओरेन्झा टोरांटोला असते. तिला आंबट चालत नाही.

"तुमच्यानंतर कोण?" नवी नवरी विचारते.
बाई हात पुसतात. म्हणतात,
"सांग तिला, व्हिनेगरला कुणी लागत नाही.
दर हिवाळ्यात एक जण जिवंत असला की पुरे.
यंदा मी आहे. पुढचं मला ठाऊक नाही."

सोळा चमचे तयार. सोळा तोंडं उघडी.
मी म्हटलं,
"बाई म्हणतात, आधी चाखा."

मग शांतता. बोलत नसलेल्या बहिणींपैकी एकीने
दुसरीचा चमचा हातात घेऊन चाटला.

निघताना सगळे बाटल्यांच्या रांगेत,
कार्ड, पिशवी, पावती.
बाईंनी मला जिन्याखाली ओढलं,
माझी मूठ उलटी केली,
आणि मागच्या बाजूला, अंगठ्याच्या मुळाशी,
धाकट्या पिंपातला एक थेंब सोडला.
असा त्या कुणाला देत नाहीत.
"नातवंडं इंग्रजीत बोलतात फोनवर," त्या म्हणाल्या,
"मला सगळं कळतं.
छान सांगितलंस."

काळा, जाड, हलायला तयार नसलेला.
बसने हॉर्न दिला.
डोकी मोजायची राहिली होती.