एक वीत

उद्यमबागेतल्या माझ्या लेथवर
कल्लाप्पा बेळवटकर पहिल्यांदा आला
तो सिगारेटच्या पाकिटावर काढलेलं चित्र घेऊन.
"एवढा शाफ्ट करून दे."
कशाचा, ते मी विचारलं नाही.
आमच्याकडं कोण विचारत नाही.
पंपाचा असेल, गिरणीचा असेल, उसाच्या चरकाचा असेल.
मटेरियल बघायचं, माप बघायचं, तोंडात पान टाकायचं.

तिसऱ्या खेपेला तो हळूच म्हणाला,
पोरगी बघायला चाललोय असं सांगावं तसा,
"हेलिकॉप्टरचा आहे."
मी चहा सांगितला. एकच, त्याला.
माझ्या घशाखाली उतरला नसता.

शाळा सातवीपर्यंत. पुढं नऊ वर्षं बोअरवेलच्या गाडीवर.
कडोलीत रताळ्याच्या रानाला लागून पत्र्याची शेड,
त्यात जुन्या व्हॅनचं इंजिन, जीपच्या स्टिअरिंगचे बॉल जॉइंट,
आणि सिल्व्हर ओकची दोन पाती,
चिकटवलेली, घासलेली, तोललेली, परत घासलेली.
तायव्वा, त्याची बायको, म्हणायची,
लेकराला कधी एवढं तेल लावलं नाही यानं.

शेपटीला तो बारका पंखा कशाला, मी विचारलं.
तेव्हा त्यानं सलूनची गोष्ट सांगितली.
हणमंताच्या फिरत्या खुर्चीत बसला होता,
मांडीवर दुरुस्तीला न्यायचं मोठं ड्रिल,
बसल्या बसल्या त्याचं तोंड वर केलं आणि बटण दाबलं.
ड्रिल एकीकडं फिरलं,
हा खुर्चीसकट दुसरीकडं,
अर्धी दाढी साबणात.
"वर फिरवलंस की खालचं उलटं फिरायला बघतं बे.
त्याला धरायला शेपूट."
हणमंतानं त्याला परत दारात उभं केलं नाही.
दाढी तेव्हापासूनची.

मग तो रविवार.
चार खुंट्या, चार साखळ्या, मधे ते.
तायव्वा शेळीचं दावं धरून लांब उभी.
माझं काम एवढंच, पोटावर पडून राहायचं
आणि कालचा पेपर खालच्या पाइपाखालून ओढून बघायचा.
ज्या दिवशी न फाटता येईल, त्या दिवशी उडालं.

पहिल्यांदा फाटला. दुसऱ्यांदाही, मधोमध.
तांबडी माती डोळ्यांत, दातांत,
रताळ्याचे वेल झोपलेले, पत्रे वाजूलालेत,
वरून सांबऱ्याकडं उतरणारं विमान गेलं,
त्यानं मान वर केली नाही.
तिसऱ्या पानाला
मी ओढला
आणि तो आला.
अख्खा. लग्नाच्या जाहिरातींसकट.
साखळ्या ताठ.
मी ओरडलो, "उडूलंय!" ते मलाच ऐकू आलं नाही.
अकरा आकडे मोजले, मग पट्टा तुटला.

कुणीतरी फोन केलाच.
काकतीहून हवालदार आले, पंचनामा कन्नडात लिहिला,
मीच वाचून दाखवला:
पंख्यासारखी एक लोखंडी वस्तू, उपयोग समजत नाही.
"एष्टू वर गेलं?"
"एक वीत."
"इंच सांग."
कल्लाप्पा गप्प.
तेव्हा हवालदारानं आपलाच पंजा काढला,
अंगठा मातीला लावला, करंगळी वर ताणली,
आणि त्या मधल्या रिकाम्या जागेकडं
बराच वेळ बघत बसला.
मग लिहिलं, गेणू.
इंच लिहिले नाहीत.

जाताना जरा बाजूला घेऊन विचारलं त्यानं,
पोटात कसं झालं रे, वर असताना?
कल्लाप्पा म्हणाला, काय म्हाईत साहेब,
मी काटा बघत होतो.
ह्यानं पेपर दाखवला तेव्हा कळलं.

सोमवारी लेथवर हजर. पुली हवी होती.
बिल मी अजून केलेलं नाही.
तो पेपर माझ्याकडं आहे,
एका कडेला मातीची रेघ.
बायको दोनदा डब्यात घालायला निघाली होती.