जोडडोंगा

चिचघाटाला पूल झाला
म्हणून केवळराम नान्ह्यानं डोंगे विकायला काढले.
दोन डोंगे, मधात बांबूची माच,
माचीवर मोटारसायकलींच्या तेलाचे डाग.

टरबुजाला मारतो तशी टिचकी मारून पाह्यली.
उजवा खणखणीत. डावा जरा ओला बोलला.
"डावा पाझरते," तो म्हणाला,
"पण बुडवत नाही." चौदा हजार.

पोरगा शिडासाठी ताडपत्री घेऊन आलता.
वारा होता तेव्हा ती फडफडली,
नव्हता तेव्हा पांघरली.
बाकी दोन दिवस वैनगंगेनंच आणलं,
मी वल्हं धरून,
तो डालड्याच्या डब्यानं डाव्यातलं पाणी उपसत.

पण काठावर कोणी उभं दिसलं,
धुणं घेऊन, नाहीतर नुसतीच बिडी ओढत,
की जोडी आपोआप तिकडे वळे.
विकलेला बैल जुना गोठा शोधतो, तसं नव्हे.
हिला कोणीही उभं असलेलं पुरे.

आमच्या घाटावर सिंधू तांब्या घेऊन आली.
नव्या जोडीच्या पायांवर पाणी घालायचं,
तर पाय सापडेनात.
दोन्ही नाकांवर घातलं,
उरलेलं डाव्यात ओतलं.

पोरानं तिच्याकडे पाह्यलं,
अन् डबा उचलला.