एक हात खिशात

आधी प्लग काढ, एलिओ. आणि लगेच आत हात घालू नकोस.
बंद पडलेला टीव्ही मेलेला नसतो.
काचेच्या पोटात वीज दबा धरून बसते,
रात्रभर, कधी दोन-दोन दिवस.
डावा हात खिशात ठेव. हो, खिशातच.
दोन्ही हात आत गेले की ती
एका हातातून दुसऱ्या हातात जाताना
वाटेत छातीशी थांबते.
उस्ताद हे सांगायचे आणि मला हसू यायचं.
मग एका सकाळी त्यांची करंगळी वाकडी झाली
ती शेवटपर्यंत वाकडीच राहिली.

आता पेचकस. दांडीला वायर, वायरचं दुसरं टोक पत्र्याला.
त्या रबरी टोपीखाली सरकव. हळू.
फट्!
दचकलास ना?
आपल्या ओरुरोत हवा पातळ, ठिणगी लांब उडी मारते.
समुद्रकाठच्या लोकांनी लिहिलेल्या पुस्तकात
हे सापडायचं नाही तुला.

दोन्या हुस्तिना हा पाठीवर बांधून घेऊन आली,
तान्हं पोर आणावं तसा, विणलेल्या फडक्यात,
चढ चढून, वाटेत दोनदा टेकून.
"आवाज येतोय," म्हणाली,
"चित्र तेवढं आडवं झालंय."
लावून पाहिला तर खरंच:
काळ्या काचेवर मधोमध एक पांढरी रेघ,
आणि त्या रेघेत सगळं.
बातम्या सांगणारी बाई, फुटबॉलचं मैदान, मंत्री, साबण,
धोतर पिळून पिळून दोरी व्हावी तसं.

आता डोकं चालव.
आवाज शाबूत. मानेतला दिवा नारिंगी पेटतोय.
म्हणजे नळी जिवंत आहे.
चित्राला वर-खाली ताणून धरणारं कुणीतरी
हात सोडून बसलंय, एवढंच.
भिंग घे. त्या चिपचे पाय बघ.
तिसऱ्या पायाभोवती, केसाएवढी,
गोल भेग.
दिसली?
तापायचं, गार व्हायचं, तापायचं, गार व्हायचं.
आपल्या भिंती तरी वेगळं काय करतात,
दुपारी ऊन, रात्री बर्फ.

इस्त्री नव्हे रे ती, डाग द्यायची कांडी! दाबू नकोस, टेकव.
धूर नाकात जाऊ दे, सवय होईल.
हे कथील कुठून येतं, ठाऊक आहे?
"चीनमधून," म्हणतोस. "रिळावर लिहिलंय."
बरोबर आहे तुझं.
हुस्तिनाचा नवरा एकोणीस वर्षं हुआनुनीच्या डोंगरात
हेच खणत होता.
खाण आटोपली, हातावर थोडे पैसे ठेवले,
त्या पैशांतून हा जपानी डबा आला.
फोडलेल्या डोंगरातलं चिमूटभर
कदाचित जपान फिरून
ह्याच तिसऱ्या पायाशी येऊन बसलं असेल.
नसेलही. मी शपथेवर सांगणार नाही.
आणि तिला तर मुळीच नाही.

तो फुगलेला कपॅसिटरही बदल, लगे हाथ. त्याचं पोट बघ,
लग्नाच्या जेवणावरून आल्यासारखं.
उणे बाजू उलटी लावलीस तर
तोंडावर फुटेल.

लाव आता.

उठलं!
आधी डोळे, मग हनुवटी, मग अख्खी बाई
कोट सारखा करत उभी राहिली.
पण मधोमध ती बारीक काळी रेघ
तशीच.
"ही जायची नाही," मी हुस्तिनाला म्हटलं,
"चार महिने तू तशीच चालू ठेवलास, काच भाजली."
"आवाज येत होता ना," ती म्हणाली. "एकटीच असते मी."
मग पडद्याजवळ वाकून बघत राहिली.
"बातमीवालीला मिशी आलीय."
फडक्याच्या गाठीतून वीस मोजले,
त्यातले पाच परत गाठीत.
"रेघेचे," म्हणाली.
मी काय बोलणार?

एलिओ, अजून खिशातच हात?
काढ आता. दोन्ही हात लाव,
डबा तिच्या पाठीवर चढवू लाग.