बी ग्रेड

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत
टॉवेल तपासते मी. बावीस वर्षं.
ट्यूबलाइटखाली पसरायचा, तळहात फिरवायचा,
सुटलेला धागा, तेलाचा डाग, वाकडा काठ,
मग स्टिकर. ए. बी.
नाहीतर थेट चिंध्यांत.
एका टॉवेलला अकरा सेकंद.
पाच-सहा धुण्यांनंतर कोणता मऊ पडेल,
कुणाचं ओलं बाळ त्यात गुंडाळतील,
ते टेबलावर दिसत नाही. दिसावं असं कुणी सांगितलेलंही नाही.

"अत्ता, चौतीस टक्के आहे त्याला! पैसे पाण्यात,"
ऋत्विकनं मोबाइल माझ्या नाकाशी धरला.
दोनशे बारा जाणकारांचं मिळून चौतीस,
लाल रंगात.
दहावीच्या गणितात त्यालाही तेवढेच होते, एकानं गेला होता.
तेव्हा पट्टा काढून उभ्या असलेल्या त्याच्या बापाला
मीच म्हटलं होतं,
पोरगं पेपराएवढंच नसतं रे, मल्लेशा.
हे त्याला आठवण करून दिलं नाही. चप्पल घातली.

खरं तर पत्र्याखाली बसवत नव्हतं म्हणून गेले.
पेपरात त्रेचाळीस छापलं होतं,
अख्ख्या सोलापूरला मिळून त्रेचाळीस,
रेल्वे लाइन्सच्या बंगल्यांना, तळ्याकाठच्या झाडांना,
आणि आमच्या पत्र्याला.

तीनच्या खेळाला नऊ माणसं. मोजली, सवय आहे.
एक म्हातारा शेंगा फोडत होता
आणि टरफलं सदऱ्याच्या खिशात भरत होता.
सिनेमा वाईटच, खोटं कशाला बोलू.
पन्नाशीचा हिरो, खांद्यावर कॉलेजची बॅग.
मध्यंतराआधी मी घोरलेही असणार,
पुढचं पोरगं वळून हसलं.
दोनशे बारा जणांनी काही लबाडी केली नव्हती.

मग, कधीतरी,
कशाशी संबंध नसताना,
हिरोची थोरली बहीण पाहुणे गेल्यावर जेवायला बसते.
तिला नावसुद्धा दिलेलं नाही.
भांड्याच्या तळाशी बघते.
भाकरी मोडते, अर्धी घेते,
अर्धी फडक्यात गुंडाळून परत ठेवते.
कुणासाठी, ते सांगत नाहीत.
लगेच पुढे हाणामारी.

विड्या वळून उठली की
आईच्या बोटांना तंबाखूचा कडूपणा राहायचा, धुऊनही.
म्हणून आम्हाला ती चमच्यानं भरवायची,
घरात चमचा एकच.
आणि शेवटी अशीच अर्धी गुंडाळायची.
कुणासाठी, मी कधी विचारलं नाही.
आता विचारायची सोय नाही.
सिनेमावाल्यांनीही सांगितलं नाही, बरं केलं.

शेंगा फुटायचा आवाज थांबला होता.
म्हाताऱ्याचं काय होतं, त्याचं त्याला ठाऊक.
मी पर्समधला नॅपकिन काढला.
बी. मीच लावलेला.
एका बाजूनं वीण चुकलेली,
पण पाणी असं शोषतो की विचारू नका.

दोनशे बारा पातेली एकात ओतून ढवळली
की चव मधलीच येणार.
त्यात आईचा चमचा कुठला सापडायला.

रात्री ताटावर ऋत्विकनं विचारलं, कसा होता?
बेकार, म्हटलं.
"सांगितलेलं की मी!"
खूश झाला. मग म्हणाला, तूपण दे की मार्क,
आणि पाच पोकळ चांदण्या पुढे केल्या.
बोट एकीवर नेलं. चारवर नेलं.
परत एकीवर.

अकरा सेकंद कधीच होऊन गेले.
स्क्रीन काळी पडली, तिच्यात पत्र्याचा बल्ब दिसायला लागला.
"अत्ता," तो म्हणाला, "झोपलीस का?"
मी त्याच्या ताटात अर्धी भाकरी वाढली.
उरलेली
फडक्यात गुंडाळली.