वाक्यात उपयोग करा

वागळे इस्टेटमधल्या दवाखान्यात
डॉक्टरने पट्टी सोडली, नाक न मुरडता वाकून पाहिलं
आणि म्हणाला, आत्याला नाही, मला:
‘नॅस्टी आहे हो.’

रिक्षात आत्याने विचारलं, काय म्हणाला तो?
आणि मी, सातवी ‘ब’ला वीस वर्षं इंग्रजी शिकवणारी,
इंदिरानगर नाका येईपर्यंत गप्प.

शब्द होते तसे. फळ्यावर दरवर्षी लिहिते:
वाईट, घाणेरडा, ओंगळ.
पण ओंगळ म्हटलं की कुणीतरी चिवडलेलं ताट दिसतं,
आणि घाणेरडा म्हटलं की धुऊन निघेलसं वाटतं.
ही तर मी तीन महिने धुतेय.
स्वभावाला लावायचा तर खवचट, खडूस.
पडण्याला लावायचा तर अडलंच,
आपल्यात माणूस नुसता पडतो,
विशेषण नंतर शेजारीपाजारी लावतात.

‘हट्टी,’ मी सांगून टाकलं. ‘जखम हट्टी आहे म्हणाला.’
‘मग माझीच,’ आत्या म्हणाली.

एकवीस वर्षं ती रोड नंबर सोळाला
औषधाच्या पाकिटांवर तारखा छापायची,
कधी बनलं, कधी संपणार.
तिथे आता काचेची इमारत आहे.
माझ्या लग्नात सासरे रंगाबद्दल काही पुटपुटले
तेव्हा सगळ्यांदेखत म्हणाली,
पोरगी काळी नाही, तुमच्या मांडवात उजेड कमी आहे.
आई महिनाभर बोलली नव्हती तिच्याशी.
मी तेव्हा खाली मान घालून हसले होते.

रात्री सलाइनमध्ये कापूस बुडवताना
एकदम आठवला: कुजकट.
पायालाही चालतो, बोलण्यालाही.
इतकी वर्षं फळ्यावर नव्हता, घरातच होता.
तो मी कुणाला सांगितला नाही.

‘आणि त्याच्या उलट काय गं?’
शब्द तिने धरून ठेवला होता.
‘नाइस.’
‘ते साखर भुरभुरलेलं बिस्किट?’
‘तेच.’
‘म्हणजे मला बंद.’

मग आठवडाभरात शब्द घरात रुळला,
मी दिलेल्या चुकीच्या अर्थासकट.
भाजणीच्या डब्याचं झाकण नॅस्टी, उघडत नाही.
मोरीतला नळ नॅस्टी, गळायचा थांबत नाही.
गोडांब्यांचा जावई तर महा नॅस्टी,
तीनदा हाकलला तरी पार्किंगला येऊन उभा.
आणि खिडकीतल्या ओव्याच्या रोपाला,
जे मी मेलं म्हणून कोपऱ्यात सरकवलं होतं,
बोटाने नवं पान उचलून दाखवत
अगदी लाडाने: ‘बघ, कसं नॅस्टी आहे.’

सातवी ‘ब’च्या वह्या तपासताना
माझं लाल पेन अडखळायला लागलं.

जूनमध्ये दोन बोटं काढली.
भूल उतरली तेव्हा ओठ सुकलेले, डोळे अर्धे मिटलेले,
पायाकडे न बघता तिने विचारलं,
‘गेली का ती नॅस्टी?’

‘कुठली जातेय,’ मी म्हटलं,
‘ही काय, बोलतेय माझ्याशी.’

सलाइन लावणारी सिस्टर चमकून वळली.
तिला इंग्रजी येत होतं.