म्हणणं

बोर्डावर सदतिसावा नंबर.
दस्तगीर बाबालाल मुल्लाणी.
पुकारणाऱ्यानं मधला बाप गाळला.

कोर्ट सीपीआरच्या समोर.
त्या दारात मी पेशंट उतरवलेत अर्ध्या रात्री,
दोनदा भाडं न घेता, एकदा घेऊन.
आज केएमटीनं आलो, उभ्यानं.
चौकात बस थांबायची तर माझाच उजवा पाय
पत्र्यावर दाबला जायचा.
अकरा महिने झाले,
पायाला अजून कुणी कळवलेलं नाही.

नोटीस पाठवली होती म्हणे.
चिखलीच्या घरी.
ते घर एकोणीसच्या पुरात भिंतीसकट बसलं,
तेव्हापासून आम्ही सोनतळीला, पत्र्याखाली.
पोस्टमननं लिफाफ्यावर लिहिलं, घर बंद.
बंद करायला दार कुठं होतं?

सात दिवसांत आपले म्हणणे मांडावे, असं होतं त्यात.
आठव्या दिवशी लायसन्स रद्द, कलम एकोणीस.
शिक्का जांभळा, जरासा तिरका.

शिंत्रेबाई उभ्या राहिल्या. सगळं इंग्रजी.
मला मधलं मधलं कळत होतं,
ॲड्रेस, नोटीस, पिटिशनर म्हणजे मी.
वाटलं, आता विचारतील
कळ्याच्या अलीकडं काय झालं ते.
उसाची ट्रॉली, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर,
पाटणकर गुरुजींचा हात, सीटखाली गेलेला त्यांचा चष्मा.
मी उभाही राहिलो.
बाईंनी न वळता, हातानंच खाली बसवलं.

साहेबांनी सरकारी वकिलाला एकच विचारलं.
बाईंनी ते नंतर पायरीवर मराठी करून सांगितलं:
याचं ऐकून घेतलं होतं का?
वकील कागद उलटत राहिला.
दोन-तीन पंख्यानं उलटले.

चार मिनिटं.
रद्द केलेलं रद्द.
सहा आठवड्यांत आरटीओनं समोर बसवून
माझं म्हणणं ऐकायचं.

"जिंकलो की," बाई म्हणाल्या, "चहा सांगा."
"गाडी कधी चालवू?"
"गाडी नाही हो. अजून नुसतं ऐकणार आहेत."

घरी गेलो की शेजारची पोरं म्हणतील, पेढे काढा दस्तुभाई.
ट्रॉलीला दिवा नव्हता,
हे मी पोलिसाला सांगितलं, मेव्हण्याला सांगितलं,
दाढी करताना आरशाला सांगितलं.
खरंच नव्हता.
आणि तिसंगी सोडल्यापासून ट्रॉलीपर्यंतचा रस्ता
मला आठवत नाही,
हेही खरं.
सलग तिसरी रात्र होती गाडीवर.
हे कुणी विचारलंच नव्हतं,
म्हणून बरं चाललं होतं.

"तिथं कमी बोला," बाई म्हणाल्या,
आणि बशीवर फाईल टेकवून पेन उघडलं.
"आता पत्ता नीट सांगा. नोटीस पोचायला पाहिजे."

सोनतळी, म्हणालो. प्लॉट एकसष्ट.
पुढं शेवग्याचं झाड.
दार आहे.