कान कोरणारी

ओमूर मेला तेव्हा मी त्याच्या डाव्या कानात होते,
कमरेला दोर, दातांत कंदील,
हातात आईची वॉलरसच्या सुळ्याची कोरणी.
पडद्यामागे जो समुद्र आमच्या घराण्यातल्या
सात बायकांनी ऐकला होता
तो मिठाच्या पोत्यासारखा खाली बसला.
मी ओरडले, दोर ओढा.
कुणी ओढला नाही. वर सगळे गुडघ्यांवर होते.

तीन दिवस इश्केमात कुणी काही ठरवलं नाही.
भट्टी केव्हा पेटवायची ते रोज तोच सांगायचा,
म्हणून ओर्झिन भटारी पीठ मळून उभा,
कोपरापर्यंत पांढरा, आकाशाकडे तोंड करून.
चौथ्या दिवशी पीठ फुगून परातीबाहेर आलं
आणि त्याच्या पायावर पडलं.
तेव्हा कुठे त्याने ते आत ढकललं.
आमच्या शहराचा पहिला निर्णय
आंबट होता, एका बाजूने करपलेला.
रांग लावून खाल्ला आम्ही.

मग भाव करायला शिकलो.
सीलच्या कातड्याला चार मासे, सुगेन म्हणाली.
तीन, म्हणाला समोरचा.
दोघं सवयीने वर बघून थांबले.
वर धुकं.
साडेतीनवर तुटलं शेवटी,
आणि अर्ध्या माशाचं डोकं कुणाकडे जाणार
यावरून बंदरात पहिली मारामारी झाली.

पूर्वी खोटं बोललं की जीभ निळी व्हायची.
आता पोरं एकमेकांना जिभा दाखवत गल्लीभर पळायची,
गुलाबी! गुलाबी!
रात्री काही बायकांनी नवऱ्यांना जुने प्रश्न विचारले
आणि दिवा लावला नाही.

वेष्कारांनी उत्तरेच्या भिंतीवर पाटी ठोकली:
देव झोपला आहे, आवाज करू नये.
त्यांचा कर तेवढा जागा होता.
दुसऱ्या हिवाळ्यात देवाच्या पापण्यांत
समुद्रपक्ष्यांनी अंडी घातली
तेव्हा पाटीखाली कुणीतरी कोळशाने लिहिलं,
घोरत का नाही?

आता माझं सांगते.
आई मरताना म्हणाली होती,
आतला मळ कुणाला दाखवू नकोस.
मला वाटायचं, पवित्र असेल.
तो दगड होता. माझ्या जन्माआधीपासूनचा,
दाराएवढा, कानाच्या बोळात बसलेला.
आम्ही फक्त त्याला चकाकी द्यायचो.

सरपण संपलं त्या थंडीत मी त्याचे तुकडे जाळले.
देवाचा मळ मेणासारखा जळतो,
आणि जळताना पुटपुटतो.
एका खड्यात तामीर कोळ्याची बायको होती:
याचा पाय बरा होऊ दे.
पाय बरा झाला होता की!
मला आठवलं, शेजारची व्हिलुन
महिनाभर येऊन शेवाळाचा लेप बांधायची,
आणि निघताना न चुकता म्हणायची,
देव पावला हो.

रात्रभर मी खडे जाळत बसले.
पावलेलं सगळं मला माहीत होतं,
कुणी केलं तेही. बरीच माणसं अजून जिवंत आहेत,
त्यांना मी सांगितलेलं नाही.

हल्ली लोक माझ्या पायरीवर येऊन बसतात.
तिचा हात तिथवर पोचला होता, म्हणतात,
आणि माझ्या कानाशी लागतात.
मी म्हणते, उजवीकडून बोला, डावा गेला आहे माझा.
या कानाने ऐकते. त्या कानाने सोडायची
सोयच उरली नाही.

परवा एक पोरगी तान्हं घेऊन आली.
नावं ओमूरच पाठवायचा. हे अकरा महिन्यांचं, बिननावाचं.
तूच दे, म्हणाली.
मी म्हटलं, माझ्याकडे काय मागतेस?
चुलीकडे रांगला की काय ओरडतेस?

तर इश्केमात आता एका पोराचं नाव नकोरे आहे.
हाक मारली की
आणखी जोरात रांगतो.